पाणी मोजणाऱ्याचा निबंध

सुलतान बाजारात योगिनीबाई उदगीरकर भाजीच्या गाड्यापाशी थांबल्या की मल्लम्मा काही न बोलता काट्यावरचं शून्य त्यांच्याकडे वळवून दाखवायची. बाईंना मागावंच लागत नसे. "देखो मॅडम, शून्य है," म्हणायची आणि मगच टोमॅटो टाकायची. तरीही घरी आल्यावर बाई ते टोमॅटो स्वयंपाकघरातल्या काट्यावर पुन्हा तोलत. वजन बरोबर भरलं की बरं वाटण्याऐवजी त्यांना उलट रुखरुख लागे. म्हणजे मग दुसरीकडे कुठेतरी फसवलं असणार.

हा स्वभाव आईकडून आला असावा. आई दूध दोनदा हुंगून घेत असे, एकदा भांड्यात आणि एकदा वाटीत. योगिनीबाईंचे यजमान हेमंत मूळ पुण्याचे, औषधांच्या कंपनीत नोकरीला म्हणून हैदराबादला आले आणि इथलेच झाले. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ते एक गोष्ट नीट शिकले होते. घरी यायला उशीर होणार असेल तर कारण एकच सांगायचं. दोन सांगितली की बाई विचारत, "यातलं खरं कुठलं?"

जामबागेतल्या एका जुन्या कॉलेजात सकाळचे वर्ग भरत. दुपारनंतर कामावर जाणारी मुलं, माणसं तिथे पदवीसाठी येत. योगिनीबाई तिथे इंग्रजी शिकवत, आणि गेली अकरा वर्षं कॉलेजच्या अंतर्गत परीक्षांची जबाबदारीही त्यांच्याकडेच होती. ती त्यांना शोभत होती. पाण्याच्या बाटलीच्या लेबलाच्या आतल्या बाजूला लिहिलेली उत्तरं त्यांनी पकडली होती. एका मुलीच्या मेंदीच्या वेलबुट्टीत इंग्लंडच्या राजांचे सन दडलेले त्यांनी पकडले, तेव्हा तर इतिहासाचे सर उठून उभे राहिले होते.

पण अलीकडे त्यांना चैन नव्हतं. पूर्वी चोर चिठ्ठी घेऊन येई, आणि चिठ्ठी सापडत असे. आता मुलं फोनला प्रश्न सांगत, फोन उत्तर लिहून देई, आणि मुलं ते मान खाली घालून वहीत उतरवून काढत. निबंध हाताने लिहिलाच पाहिजे असा नियम बाईंनी केला, तर अक्षर मुलांचं आणि डोकं फोनचं असे निबंध यायला लागले. बाई एकेका वाक्याचा वास घेत बसत.

दुसऱ्या वर्षाला एक लांबलचक कविता होती, दोनशे वर्षांपूर्वीची. एक जहाज दूरच्या सफरीला निघतं. धुक्यात सुकाणूवरच्या माणसाला समुद्रातून कुणा बुडणाऱ्याची हाक ऐकू येते. तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो आणि जहाज पुढे काढतो. दुसऱ्या दिवशी वारा पडतो तो पडतोच. पाणी संपत जातं, खलाशी एकमेकांकडे संशयानं बघायला लागतात, एकेक करून मरतात. शेवटी सुकाणूवाला तेवढा उरतो. बाई ही कविता बावीस वर्षं शिकवत होत्या. त्या वर्षी निबंधाला त्यांनी प्रश्न दिला: जहाजावर शाप कुणामुळे आला?

बेचाळीस निबंध आले. एकेचाळीस जणांनी सुकाणूवाल्याचं नाव घेतलं होतं. बेचाळिसावा निबंध अंबाजी कोटगिरेचा होता.

अंबाजी छत्तीस वर्षांचा होता, वर्गात सगळ्यांत मोठा. शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसायचा. त्याच्या शर्टाला फोडणीतल्या कढीपत्त्याचा वास यायचा, आणि अकराला दहा कमी असताना तो कुणाला न सांगता उठून जायचा. दीड वर्षात त्याने वर्गात तोंड उघडलेलं बाईंना आठवत नव्हतं. बाकी सगळ्यांना बाई 'ए' म्हणून हाक मारत. त्याला मात्र 'अहो' म्हणावं लागे आणि ते जिभेवर अडखळे.

त्याचा निबंध सात पानांचा होता. इंग्रजी साधं, छोट्या छोट्या वाक्यांचं, अधूनमधून चुकलेलं. पण त्यात लिहिलं होतं: वारा पडणं हा शाप नाही, तो मोसम आहे. शाप त्यानंतर सुरू होतो, लोक पाणी मोजणाऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागतात तेव्हा. पुढे लिहिलं होतं: वाऱ्याला शिक्षा करता येत नाही, म्हणून माणूस शोधतात. आणखी पुढे: पावसाचं पाणी ताडपत्रीत धरलं तर तिच्यावरच्या मिठाने पहिलं पाणी खारट होतं, ते फेकावं लागतं. कवीने ते लगेच प्यायला दिलं आहे. कवी जहाजावर गेला नसावा.

बाईंनी पेन खाली ठेवलं. बावीस वर्षांत कवितेची ही चूक कुणाच्या लक्षात आली नव्हती. त्यांच्याही नाही.

'हे याचं नाही,' त्यांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोठी नावाच्या बाजारपेठेतली जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली. या कवितेवरची पाच गाइडं मिळाली, पाचही आणली. हेमंतनी जेवणाच्या टेबलावर पसरलेला तो पसारा पाहून विचारलं, "परत परीक्षेला बसतेस की काय?" ताडपत्रीची गोष्ट एकाही गाइडात नव्हती. मग एकेक वाक्य फोनवर टाकून शोधलं. तिथेही काही नाही. दुसऱ्या एखाद्याचं मन एवढ्यावर निवलं असतं. बाईंचा संशय उलट घट्ट झाला. चोरीचा माल कुठेच सापडत नाही म्हणजे चोर मुरलेला असणार.

पुढच्या तासाला त्यांनी वर्ग थोडा लवकर सोडला आणि अंबाजीला थांबवलं. वर्ग रिकामा झाला. बाईंनी एक कोरा कागद त्याच्यासमोर ठेवला.

"इथे बसा आणि मला एक पान लिहून दाखवा. विषय तोच."

अंबाजी कागदाकडे बघत राहिला. "कशापायी, म्याडम?"

"हा निबंध तुम्हीच लिहिलाय का, ते कळायला नको?"

त्याचा चेहरा हळूहळू बंद झाला. रागावल्याची काही खूण त्यावर नव्हती. दुकानाचं शटर ओढून घ्यावं तसं काहीतरी झालं.

"नै लिवत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"लिवलो ते लिवलो. तुमाला वाटत असंल चोरलो, तर चोरलो. मी कायच सांगणार नै." त्याने दप्तर उचललं. अकराला दहा कमी होते.

ज्याचं मन साफ असतं तो लिहून दाखवतो, बाईंनी स्वतःला सांगितलं. त्याच दुपारी त्यांनी शिस्तपालन समितीकडे अर्ज दिला. निबंधाला शून्य गुण दिले. अर्जात एक वाक्य घातलं: 'विद्यार्थ्याने चोरीची कबुली दिली आहे.' ते लिहिताना हात क्षणभर थांबला होता. पण 'चोरलो' हा शब्द त्याने स्वतःच्या तोंडाने उच्चारला होता की नाही? उच्चारला होता.

त्यानंतर अंबाजी वर्गात यायचा बंद झाला.

एरवी प्रकरण इथे मिटलं असतं. पण बाईंना त्या रिकाम्या बाकाचाही संशय यायला लागला. पळून जायला एवढं काय झालं होतं? त्यांनी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन उदयला, म्हणजे तिथल्या कारकुनाला, अंबाजीचा प्रवेशाचा फॉर्म काढायला सांगितला. बारावी पास होऊन पंधरा वर्षांनी प्रवेश. मधल्या वर्षांच्या रकान्यात फक्त 'खाजगी नोकरी'. घरचं कुणी नाही. संपर्कासाठी नाव एकच: नामदेवराव, मेस, नामपल्ली.

"हा इतकी वर्षं होता कुठे?" बाईंनी विचारलं.

उदयने आवाज बारीक केला. "गल्फमध्ये होता बोलतात, मॅडम. तिकडं कायतरी लफडा झाला. पासपोर्ट काढून घेतलते म्हणे. आपल्याला काय पक्का मालूम नै."

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तुरुंग. माणूस तुरुंगात होता. आणि आता मेसमध्ये जेवायला येणाऱ्या एखाद्या हुशार पोराकडून निबंध लिहून घेतो.

शनिवारी साडेअकराला त्या रिक्षाने नामपल्लीला गेल्या. मेस स्टेशनच्या मागच्या गल्लीत होती. रिक्षा त्यांनी तीन दुकानं अलीकडेच थांबवली, आणि पदर सावरून, गिऱ्हाईक असल्यासारख्या आत जाऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या. रेल्वेतली माणसं होती, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं होती. एक चष्मेवाला मुलगा ताटाशेजारी इंग्रजी पेपर उघडून जेवत होता. बाईंनी त्याच्यावर नजर ठेवली.

गल्ल्यावर नामदेवराव बसले होते, सत्तरीचे, कपाळाला बुक्का.

"तुमच्याकडे बरीच शिकलेली मुलं येतात वाटतं," बाईंनी विषय काढला. "इंग्रजी वगैरे चांगलं असेल कुणाचंतरी?"

"इंग्रजी?" नामदेवराव हसले. "बाई, आमच्या इथं इंग्रजी म्हंजे अंबाजीच. ही पोरंच त्याला विचारतात. अर्ज लिवायचा असला की स्वयंपाकघरात जाऊन उभी राहतात."

बाईंना हे उत्तर नको होतं. त्यांनी नजर फिरवली, आणि तेव्हा त्यांना ते दिसलं. जेवणाच्या खोलीत, अगदी मधोमध, तांदळाचं मोठं पिंप ठेवलेलं होतं. झाकण नाही. लोक त्याला वळसा घालून हात धुवायला जात होते.

"हे पिंप असं मध्ये का?"

"ते अंबाजीला विचारा. तीन वर्षं झाली, तांदूळ आत ठेवूच देत नै. कोठीची किल्ली त्याच्या हातात दिलो तर दुसऱ्या दिवशी परत आणून दिला. बोलतो, सगळ्यांच्या समोर मोजणार. आता मेसचा तांदूळ मोजायला कोण येणार, सांगा!"

चोरीचा आळ एकदा आलेला माणूसच असं करतो, बाईंनी मनात नोंद केली. तर्क त्यांचा बरोबर होता. त्यातून काढलेला अर्थ तेवढा चुकला होता, पण ते कळायला अजून तीन तास होते.

स्वयंपाकघरातून अंबाजी भाताचं पातेलं घेऊन बाहेर आला आणि बाईंना पाहून जागच्या जागी थांबला. मग सरळ त्यांच्या टेबलाशी आला.

"जेवलाव का?"

"नाही. मी..."

"आधी जेवा." त्याने त्यांच्या ताटात भात वाढला, वर पप्पू, म्हणजे तिकडचं वरण, घातलं, अंबाडीची भाजी ठेवली. "बोलायचं असंल तर गर्दी सरल्यावर. अडीच वाजतील."

बाई अडीच वाजेपर्यंत बसून राहिल्या. आधी कुणी सांगितलं असतं तर त्यांनाही खरं वाटलं नसतं. गर्दी सरली. अंबाजी हात पुसत मागच्या पायरीवर येऊन बसला, त्यांच्यासाठी त्याने स्टूल ठेवलं.

"बोला म्याडम. कोण लिवून देतं ते बघायला आलाव ना?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "हो," त्या म्हणाल्या.

तो बाईंकडे न बघता बोलायला लागला.

तो जहाजावर स्वयंपाकी होता. जुनं, लहान मालवाहू जहाज, अकरा माणसं. आखातातल्या एका बंदरापासून सहा मैलांवर नांगर टाकला, आणि तिथेच मालकाने फोन उचलायचा बंद केला. बंदरवाले आत घेईनात. पासपोर्ट एजंटकडे. जहाज सोडून उतरायची परवानगी नाही, कारण जहाजावर माणूस नसला तर तो गुन्हा. दिवसा शहरातल्या इमारती दिसत, मोटारी चाललेल्या दिसत. चौदा महिने ते तिथे उभे होते.

"तिसऱ्या महिन्यात डिझेल सरलं. फ्रीज बंद. एका संस्थेची बोट यायची, वीस दिवसांनी, कधी महिन्यानी. पाणी, तांदूळ, दाळ. मोजायचं काम माझं. रोज सकाळी माणशी एक बाटली. पहिल्यांदा मस्करी करायचे, मेरेकू ज्यादा डाल बोलून. मग मस्करी बंद झाली. मग नुसते बघायचे. बाटलीकडे नै, म्याडम. माझ्या तोंडाकडे."

बाईंनी स्टूल जरा पुढे ओढलं.

"मी बारा किलो तांदूळ बाजूला ठेवलो. खाली, नांगराच्या साखळीच्या खोलीत. बोट आलीच नै तर, म्हणून. कुणाला बोललो नै. बोललो असतो तर आठ दिवसांत सरला असता. इंजिनवर एक हनीफभाई होता, बंगालचा. त्याला सापडला. त्यानी पोतं वर आणून डेकवर ठेवला. कुणी वरडलं नै. मारलं नै. कुणी काय इचारलं बी नै. कोठीची किल्ली काढून घेतले, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. पाच महिने."

"तुम्ही सांगायचं ना त्यांना!"

"कागद ठेवलाव माझ्यासमोर, तवा सांगितलो का तुमाला?"

बाईंनी मान खाली घातली.

मग त्याने कवितेचं सांगितलं. संस्थेच्या बोटीतून जुन्या पुस्तकांचं एक खोकं आलं होतं. त्यात एक शाळेतलं इंग्रजी पुस्तक होतं, आणि त्यात ही कविता. बोलायला कुणी नव्हतं. अंबाजीने जहाजावरचा शब्दकोश घेतला आणि एकेक ओळ लावत पाच महिन्यांत अख्खी कविता पाठ केली. परत आल्यावर हैदराबादेत कुठल्या कॉलेजात ती शिकवतात याची चौकशी केली, आणि तिथे नाव घातलं.

"त्या एका कवितेसाठी बी.ए.?"

"हौ. मला इचारायचं होतं कुणालातरी. कवीला पहिल्या पानापासून मालूम आहे कुणी केलं ते. वाचणाऱ्याला बी मालूम आहे. जहाजावरच्याला मालूम नसतं, म्याडम. तेच तर सगळं आहे. कवीनी तेच सोडून दिलं. तुमी वर्गात विचाराल वाटलं होतं. तुमी बी सुकाणूवाल्यालाच धरलाव."

गल्लीतून एक हमाल रिकामी गाडी खडखडत घेऊन गेला. बाईंना पुष्कळ काही म्हणायचं होतं. माफी मागायची होती. पण तोंडातून आला तो त्यांचा जन्माचा प्रश्न.

"त्या पोत्यातले तांदूळ तुम्ही खाल्ले होते का?"

विचारलं आणि त्यांनाच चटका बसला. अंबाजीने मान वळवून पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"दोन मुठी," तो म्हणाला. "कच्चे. एकदाच. अंधारात उभा राहून." आणि थोड्या वेळाने, "इतक्या वर्षांत तुमी पहिल्या हाव हे इचारणाऱ्या."

त्याचे खांदे सैल पडल्यासारखे वाटले. 'खरंच दोनच?' हा पुढचा प्रश्न बाईंच्या ओठांपर्यंत आला होता. तो त्यांनी गिळला. सोपं गेलं नाही.

सोमवारी त्या प्राचार्य एकनाथरावांच्या खोलीत गेल्या आणि अर्ज मागे घ्यायचा आहे म्हणाल्या. एकनाथराव नियमाचे पक्के. "मॅडम, समितीपुढे गेलेला अर्ज असा मागे येत नाही. विद्यार्थ्याला बोलवा, तो सांगेल आपली बाजू."

"तो येणार नाही. आणि त्याने का यावं?"

"मग कसं होणार? त्याने कबुली दिली आहे असं तुम्हीच लिहिलंय."

"ते मी माझ्या मनाचं लिहिलं."

एकनाथरावांनी चष्मा काढला. अकरा वर्षांत या बाईंनी शंभरावर मुलं त्यांच्यासमोर उभी केली होती, आणि एकदाही अंदाज चुकला नव्हता. "हे समितीपुढे सांगाल?"

बाईंनी सांगितलं. तिघांच्या समितीपुढे उभं राहून त्यांनी सांगितलं की पुरावा काहीच नव्हता, निबंध चांगला होता म्हणून संशय आला, आणि कबुलीचं वाक्य खोटं आहे. अंबाजीच्या जहाजाबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. ती गोष्ट त्यांची नव्हती. बोलताना तिघंही आपल्या तोंडाकडे बघताहेत हे त्यांना जाणवत होतं.

निबंध दुसऱ्या कॉलेजातल्या परीक्षकाकडे गेला. पंचवीसपैकी एकोणीस गुण आले. अंतर्गत परीक्षांची जबाबदारी बाईंकडून काढून चिन्मय नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे दिली गेली. तो मुलांवर विश्वास ठेवणारा होता, आणि बाईंना त्याची फार काळजी वाटली. घरी आल्यावर त्यांनी हेमंतना सगळं सांगितलं. हेमंत ऐकून म्हणाले, "बरं झालं. परीक्षेच्या दिवसांत घरी गरम जेवायला तरी मिळेल." मग त्यांनी उठून चहा केला. चहात साखर बरोबर पडली आहे का, हे बाईंनी त्या दिवशी विचारलं नाही.

अंबाजीला त्यांनी नामदेवरावांकरवी निरोप पाठवला. तो नऊ दिवसांनी आला. शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून. वर्गात बाईंनी त्याचा मुद्दा मांडला: खलाशांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं. नाव घेतलं नाही. मुलांनी वह्यांत उतरवून घेतलं. अंबाजी खिडकीबाहेर बघत होता, पण त्या दिवशी तो अकरा वाजेपर्यंत बसला.

तास संपल्यावर तो टेबलाशी आला.

"म्याडम, एक इचारू? त्या जहाजाचं तुमी फोनवर शोधलाव ना? मी बोललो ते खरं का खोटं?"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी शोधलं होतं. नामपल्लीहून परत येताना, रिक्षातच. एक छोटी बातमी सापडली होती, अकरा खलाशांची सुटका, नावं नाहीत. सोबत एक अंधूक फोटो होता, विमानतळावरचा. त्यात दहाच माणसं होती. अकरावा कुठे उभा असेल या विचाराने बाई घर आल्यावरही रिक्षात तशाच बसून राहिल्या होत्या.

"शोधलं," त्या म्हणाल्या.

अंबाजी हसला. दीड वर्षात पहिल्यांदाच. "बरं केलाव. मी बी शोधलो असतो."

पुढच्या वर्षी तो पदवी पास झाला, दुसऱ्या वर्गात. मेसमध्येच राहिला. नामदेवरावांनी हिशेबाबरोबर अर्ज लिहून देण्याचंही काम त्याच्याकडे रीतसर सोपवलं. मधूनमधून तो जामबागेत येई, बाईंकडून पुस्तक नेई, आणि बाई त्याचं नाव आणि तारीख वहीत लिहून सही घेत.

पावसाळा सरताना एकदा तो आला तो पाकीट घेऊन. हनीफभाईचा पत्ता मिळाला होता. त्याने निबंधाची प्रत काढली होती आणि सोबत एका पानाचं पत्र लिहिलं होतं, बारा किलोचं, दोन मुठींचं, सगळं. इंग्रजी तपासून हवं होतं, कारण हनीफभाईला कुणीतरी वाचून दाखवणार होतं. बाईंनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि पाकीट बंद करण्याआधी पत्ता तीनदा वाचला.

उत्तर दोन महिन्यांनी आलं, पत्र नाही, फोनवर बोलून पाठवलेला निरोप. अंबाजी तो ऐकवायला थेट कॉलेजात आला. स्टाफरूममध्ये बाई एकट्याच होत्या. फोनमधून एक खर्जातला, दमेकऱ्याचा आवाज आला. बायको बरी आहे, गुडघे दुखतात, पोरगा शिवणकाम करतो. मग थोडं थांबून: "चावल का तो भाई कुछ याद नहीं. तू कैसा है? शादी किया क्या?"

निरोप संपला. अंबाजीने तो पुन्हा लावला. पुन्हा ऐकला.

"खोटं बोलतोय," तो म्हणाला. "याद नै म्हंजे? पोतं त्यानीच तर उचलून आणला. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून बोलतोय. का मला अजून चोरच समजतोय, आणि विषय नको म्हणून असं?"

"नसेलही आठवत," बाई म्हणाल्या. "सात वर्षं होत आली. म्हातारा झालाय तो. खरंच विसरला असेल."

अंबाजी त्यांच्याकडे अविश्वासानं बघत राहिला.

"म्याडम," तो म्हणाला, "तुमी असं बोलू नका. तुमाला शोभत नै."

बाईंना हसू आलं. त्यांनी हात पुढे करून फोन मागितला. "द्या इकडे. मी ऐकते." त्यांनी फोन कानाशी अगदी घट्ट धरला, डोळे मिटले, आणि त्या दमेकऱ्याचा आवाज 'याद नहीं' म्हणताना कुठे अडखळतो का, ते ऐकायला लागल्या.